हिरडीतून रक्त: ब्रशचा दोष की प्लाकचा?

ब्रश करताना चूळ लालसर दिसली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. ब्रश लागला असणार म्हणून त्या बाजूला हात हलका ठेवतात, नाहीतर ती बाजू चार दिवस सोडूनच देतात. हिरडीच्या आजाराला याहून मोठी मदत नाही.

डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. हिरड्या निरोगी असलेल्या 12 जणांना (त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच) दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, हेच सुजेचं कारण आहे हे त्यातून उघड झालं. थर जुना होत गेला तसे त्यातले जिवाणूही बदलत गेले. आधी गोल आणि काडीसारखे, नंतर लांब धाग्यांसारखे, शेवटी पिळदार.

सुजलेल्या हिरडीतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि वरची त्वचा नाजूक झालेली असते, त्यामुळे ब्रश नुसता टेकला तरी रक्त येतं. म्हणून रक्त येतं तिथे जास्त काळजीने घासायचं, पण मऊ ब्रशने. ब्रशचे केस दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर तिरके धरायचे आणि जागच्या जागी हलकेच हलवायचे. आडवं खसाखसा घासल्याने हिरडी मागे सरते आणि प्लाक मात्र दातांच्या फटीत तसाच राहतो. फटीत ब्रशचे केस पोचतच नाहीत. तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक धागा लागतो, आणि फट मोठी असेल तर बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश. पेस्ट कुठली, यावर घरात जेवढी चर्चा होते तेवढी ती महत्त्वाची नाही.

प्लाक काढला नाही तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून त्याचं कीटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून पाहा, खरखरीत लागलं तर बहुधा तेच. ते ब्रशने निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक आणखी सहज बसतो.

इथवरचा आजार पूर्ण बरा होतो. पुढचा होत नाही. सूज दाताच्या मुळाकडे उतरली की हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खाच तयार होते. डेंटिस्ट खुणा केलेली बारीक सळई दाताभोवती फिरवत मदतनिसाला आकडे सांगतात, ‘तीन, दोन, तीन… सहा,’ तेव्हा ते ही खाच मिलिमीटरमध्ये मोजत असतात. 1 ते 3 ठीक. 4 पासून पुढे लक्ष घालावं लागतं. खाचेतल्या जिवाणूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्तीच हाड झिजवणाऱ्या पेशींना कामाला लावते, आणि दाताला धरून ठेवणारं हाड विरघळत जातं. हे सगळं बहुधा न दुखता होतं. दात हलायला लागल्यावर माणूस दवाखान्यात येतो, तोवर बरंच हाड गेलेलं असतं.

सगळ्यांचं नुकसान सारखं होत नाही. लो यांच्याच गटाने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या 480 पुरुष मजुरांना 1970 पासून 15 वर्षं तपासलं. त्यांना दंतोपचार मिळत नव्हते आणि दात घासायची सवयही नव्हती. कीड जवळपास कुणालाच नव्हती. प्लाक, कीटण आणि सूज मात्र सर्वांना. तरी 11 टक्क्यांचा आजार सुजेच्या पुढे गेलाच नाही, 81 टक्क्यांचा बेताने वाढला आणि 8 टक्क्यांचा झपाट्याने. या शेवटच्या गटाच्या दातांचा आधार पस्तिशीत सरासरी 9 मिलिमीटर गेलेला होता. ‘आमच्या आजोबांनी कधी ब्रश हातात धरला नाही, तरी बत्तीस दात शाबूत’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांचे आजोबा त्या 11 टक्क्यांतले असावेत, एवढंच. आपण कुठल्या गटात, हे आधी कळत नाही.

धोका वाढवणाऱ्या गोष्टींत तंबाखू आणि मधुमेह सगळ्यांत वर. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार झाकला जातो आणि माणूस निर्धास्त राहतो. आपल्याकडे मशेरीचं वेगळंच दुखणं आहे. दात स्वच्छ होतात म्हणून कित्येक बायका ती रोज हिरड्यांवर चोळतात, आणि ती असते भाजलेली तंबाखू. मधुमेहाचा संबंध दोन्हीकडून आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर खराब होतात. उलट हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) सरासरी 0.4 टक्क्यांच्या आसपास उतरतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. मधुमेहाच्या तपासणीला डोळे आणि पाय पाहतात, तिथे तोंड उघडायलाही सांगायला हवं असं मला वाटतं.

उपचाराची सुरुवात स्केलिंगने, म्हणजे यंत्राने कीटण काढण्याने होते. ‘स्केलिंगने दात ढिले होतात’ ही समजूत कशी पसरली हे कळण्यासारखं आहे. फटींत भरलेलं कीटण निघतं, सूज उतरून हिरडी आक्रसते, आधीपासून असलेल्या फटी उघड्या पडतात आणि काही दिवस थंड पाणी झोंबतं. जीभ त्या फटीत जाते आणि माणसाला वाटतं, दात घासून बारीक केले. प्रत्यक्षात ते यंत्र कंपनांनी कीटण सोडवतं. खाच खोल असेल तर मुळांवरचा भागही भूल देऊन साफ करतात. तरीही ती कमी झाली नाही तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. गेलेलं हाड थोड्याच प्रकारच्या खाचांत आणि तेही अंशतः परत मिळवता येतं, म्हणून त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला सांगतात. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं माउथवॉश मधल्या काळात उपयोगी पडतं, पण ते डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरायचं. जास्त दिवस वापरल्यास दात तपकिरी पडतात, चव बदलते, आणि दातावर आधीच बसलेला थर नुसत्या चुळीने निघतही नाही.