उभी गाडी आणि वाहणारं डांबर

घरापुढे डांबरी ड्राइव्हवे करायचा म्हटलं की चर्चा रंगते ती वळणाची, कडेच्या फरश्यांची, दिव्यांची. टिकाऊपणाचा विषय निघालाच तर एका वाक्यात मिटतो: रस्त्यावरून दिवसाला हजारो गाड्या जातात, आपल्याकडे ये-जा एकाच गाडीची, मग इथलं डांबर आयुष्यभर जाणार! हिशेब ऐकायला चोख आहे. तरीही पहिल्याच कडक उन्हाळ्यात गाडी उभी राहते तिथे चार टायरचे चार खड्डे उमटलेले दिसतात.

आधी या हिशेबातला खरा भाग घेऊ. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. मोटारीच्या एका आसावर ६०० किलो आणि भरलेल्या टँकरच्या आसावर ६,००० किलो धरले, तर भार दहापट होतो आणि नुकसान १०,००० पट. म्हणजे धावती मोटार ड्राइव्हवेचं जवळपास काहीच बिघडवत नाही. बिघडवते ती उभी मोटार.

याचं कारण डांबराच्या स्वभावात आहे. आजच्या रस्त्यांवरचं डांबर म्हणजे बिटुमेन, खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा काळा जड भाग. पिच हा त्याच्यासारखाच पदार्थ. हातोडा मारला की त्याच्या ठिकऱ्या उडतात, तेव्हा तो घनच वाटतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली असंच पिच तापवून काचेच्या नरसाळ्यात ओतलं, तीन वर्षं बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. पहिला थेंब पडायला १९३८ उजाडलं. २०१४ पर्यंत नऊ थेंब झाले आणि प्रयोग अजून चालू आहे. पिच वाहतं, फक्त त्याला घाई नाही.

अशा पदार्थांना श्यानप्रत्यास्थ म्हणतात. ताण दिला की त्यांचा काही भाग स्प्रिंगसारखा वागतो आणि ताण काढल्यावर पूर्ववत होतो. काही भाग द्रवासारखा सरकतो आणि परत येत नाही. कोणता भाग वरचढ ठरेल हे ताण किती वेळ टिकला यावर अवलंबून. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचा टायर जमिनीला साधारण २० सेंटिमीटर लांब टेकत असेल, तर एका बिंदूवर त्याचा मुक्काम सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका. रात्रभर दहा तास उभ्या गाडीचा मुक्काम ३६,००० सेकंद. म्हणजे १८ लाख पट! वजन तेच, टायर तोच, पण धावत्या गाडीला डांबर स्प्रिंग म्हणून भेटतं आणि उभ्या गाडीला द्रव म्हणून.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी: श्यानतेला (वाहायला होणाऱ्या विरोधाला) प्रत्यास्थता गुणांकाने (स्प्रिंगसारख्या ताठरपणाने) भागलं की एक काळ मिळतो, त्याला शिथिलन काळ म्हणतात. भार त्याहून कमी वेळ असेल तर पदार्थ घनासारखा, जास्त वेळ असेल तर द्रवासारखा. बिटुमेनला असा एकच काळ नसतो, लहानमोठ्या रेणूंमुळे त्यांची लांबलचक पट्टीच असते, आणि तापमान वाढलं की ती सगळी पट्टी आखूड काळाकडे सरकते. त्यामुळे वेळ आणि तापमान एकमेकांची जागा घेऊ शकतात. थंडीत महिनाभर उभी गाडी जे करणार नाही, ते भर उन्हाळ्यातली एक दुपार करू शकते. पदार्थ किती स्प्रिंग आणि किती द्रव, हे प्रयोगशाळेत कलाकोन नावाच्या राशीने मोजतात: शून्य अंश म्हणजे शुद्ध स्प्रिंग, ९० अंश म्हणजे शुद्ध द्रव.

कडक उन्हात काळ्या डांबरी पृष्ठभागाचं तापमान ६० अंश सेल्सियसपर्यंत जातं, आणि रस्त्याचं नेहमीचं बिटुमेन ५० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. मग गाडी धरून कोण ठेवतं? खडी. मिश्रणात वजनाने बिटुमेन जेमतेम ५ टक्के असतं, बाकी लहानमोठी दगडखडी आणि भुकटी. खड्यांचे कोपरे एकमेकांत अडकून सांगाडा उभा राहतो, बिटुमेन त्याला नुसतं चिकटवून ठेवतं. दबाईनंतर आत ४ टक्क्यांच्या आसपास हवेच्या पोकळ्या मुद्दाम राखतात, कारण उन्हात फुगलेल्या बिटुमेनला जागा हवी. ‘डांबर सढळ हाताने घाला’ असा आग्रह धरणारे घरमालक या पोकळ्याच बुजवतात. मग खडे एकमेकांवरून घसरतात आणि वर काळा तेलकट थर येतो.

आता रचनेकडे. गाडी रोज जिथे उभी राहणार तिथे डांबर नकोच. चाकांखाली काँक्रीटचे किंवा पेव्हर ब्लॉकचे दोन पट्टे द्या आणि येण्याजाण्याची वाट डांबरी ठेवा. दिसायलाही हा जोड छान दिसतो. गळणारं इंजिन ऑइल आणि डिझेल बिटुमेनला विरघळवतात, तो त्रासही यात टळतो. मोटरसायकलचं स्टँड तर टायरपेक्षा वाईट. टायरखालचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलोच्या आत असतो. स्टँडच्या ६ चौरस सेंटिमीटर पायावर ३० किलो आले तर तो ५ किलो होतो.

वळणाला जागा भरपूर ठेवा. जागच्या जागी स्टिअरिंग फिरवलं की टायर एकाच ठिकाणी पिळला जातो आणि वरचे खडे उपटून निघतात.

रंगाबद्दल एक गंमत. काळ्या बिटुमेनमध्ये लोह ऑक्साइडचं लाल रंगद्रव्य घातलं तर फार तर विटकरी-तपकिरी छटा येते. उजळ रंगाला पारदर्शक कृत्रिम बंधक लागतो, तो महाग. पण वरची काळी साय काही वर्षांत झिजते आणि खडीचाच रंग दिसू लागतो. म्हणून नमुना पाहताना नव्या डांबराकडे न बघता खडीकडे बघा. फिकट खडी पुढे ऊनही जास्त परतवते.

कडेला दगडी किंवा काँक्रीटची पक्की किनार हवीच, तिच्याशिवाय डांबराची कड बाहेर सरकून ढासळते. उतार घरापासून लांब, पन्नासास एक.

‘जवळच काम चालू आहे, उरलेला माल आहे, अर्ध्या भावात टाकून देतो’ म्हणत दारात येणारे जगभर भेटतात. हॉटमिक्स, म्हणजे खडी आणि बिटुमेनचं गरम मिश्रण, साधारण १५० अंशांना तयार होतं आणि ८० ते ९० अंशांच्या खाली गेलं की रोलर कितीही फिरवा, दबत नाही. पोकळ्या राहतात, त्यांत पाणी शिरतं आणि खडीवरून बिटुमेन सोलून काढतं. तेव्हा भाव विचारायच्या आधी ट्रकमधल्या मालात थर्मामीटर खुपसायची परवानगी मागा.