चिलखती पोलादाचा आघातभंग : संगणकीय प्रतिमान

चिलखती वाहनाच्या पोलादी पाटावर गोळी किंवा गोळा अतिवेगाने आदळला, तर पाट कुठे नि कसा फुटेल याचे गणित संगणकावर मांडण्याची पद्धत. धातुशास्त्र आणि यामिकी यांच्या सीमेवरचा हा विषय. तोफगोळ्यांचे धातूचे भाग घडवणारी अंबाझरीची आयुध निर्माणी आणि १९६० साली सुरू झालेली आजची अभियांत्रिकी संस्था व्हीएनआयटी, दोन्ही नागपुरात असल्याने इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तो परका वाटत नाही.

पोलाद हळूहळू ताणले तर निर्माण झालेली उष्णता निघून जाते. आघातात तेवढी सवडच नसते. १,५०० मेगापास्कल प्रतिबलाखाली (प्रतिबल म्हणजे दर क्षेत्रफळावरचे बळ) विकृती, म्हणजे मूळ मापाच्या तुलनेत झालेला आकारबदल, १ पर्यंत गेली आणि ९० टक्के कार्याची उष्णता झाली, तर तेवढा भाग सुमारे ३७० अंश सेल्सिअसने तापतो. तापलेला पट्टा नरम पडतो, मग सगळी घसरण त्याच पट्ट्यात गोळा होते. हिंगणा एमआयडीसीत पंच-प्रेसखाली पत्र्यातून चकती निघते, तशीच चपट्या टोकाच्या गोळ्यापुढे पाटातून गुट्टी, म्हणजे बुचासारखा तुकडा, बाहेर पडते. म्हणूनच 'जितके कठीण तितके चांगले' हा समज फसवा आहे. नॉर्वेत १२ मिलिमीटर जाडीच्या वेल्डॉक्स नावाच्या, वेगवेगळ्या मजबुतीच्या पोलादांवर चाचण्या झाल्या, तेव्हा चपट्या टोकाच्या गोळ्याला जास्त मजबूत पाटानेच कमी वेगात वाट दिली. टोकदार गोळ्यांबाबत मात्र उलटे घडले.

जॉन्सन आणि कुक या संशोधकांनी १९८३ मध्ये पोलादाच्या बळासाठी आणि १९८५ मध्ये भंगासाठी दिलेली सूत्रे आजही सर्वाधिक वापरात आहेत. भंगाच्या सूत्रात प्रतिबलाचे स्वरूप, विकृतीचा वेग आणि तापमान हे तिन्ही येतात. संगणकात पाट लहान लहान घटकांच्या जाळीत विभागलेला असतो; एखाद्या घटकातल्या हानीची बेरीज १ झाली की तो घटक जाळीतून वगळला जातो. सूत्रांतले स्थिरांक मिळवायला खाचा पाडलेल्या सळया ताणतात, हॉपकिन्सन दंडावर (नमुन्याला अतिवेगाने विकृत करणाऱ्या उपकरणावर) चाचण्या घेतात.

खरी अडचण जाळीची. कर्तनपट्टा, म्हणजे घसरण गोळा झालेला तो तापलेला पट्टा, काही मायक्रॉन ते काही दहा मायक्रॉन रुंद असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), घटक बहुधा त्याहून मोठे. जाळी बारीक केली की उत्तर बदलते, आणि ही तपासणी न करता दिलेल्या आकड्यावर विसंबू नये. फुटलेला पाट कापून, घासून, नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) कोरला की सूक्ष्मदर्शकाखाली गुट्टीच्या कडेला पांढरी रेघ दिसते. प्रतिमानातला पट्टा त्याच जागी, त्याच दिशेने जातो का, हे तिथे पडताळता येते.