फुप्फुसातली गाठ: संगणकाला कुणी काय शिकवलं?

रिपोर्टमध्ये 'उजव्या फुप्फुसात ६ मिमीची गाठ' एवढं वाचलं तरी घरातल्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. गाठ असते तुरीच्या दाण्याएवढी. बहुतेक वेळा तो जुन्या संसर्गाचा वण निघतो, क्वचित कॅन्सरची सुरुवात. हा फरक संगणकाला शिकवण्याची धडपड 'डीप लर्निंग' (अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कने शिकणं) हा शब्द रुळण्याच्या आधीपासूनची आहे. छातीच्या एक्स-रेवरच्या गाठी न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याने, ओळखण्याचं काम अमेरिकेत शि-चुंग लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ सालीच प्रसिद्ध केलं होतं. पण तेव्हाचे संगणक दुबळे होते, आणि एक्स-रेत बरगड्या आड येतात.

सीटी स्कॅनमध्ये ती अडचण नसते, तिथे दुसरीच येते. आडवी कापली गेलेली रक्तवाहिनीही गोल ठिपकाच दिसते. म्हणून रेडिओलॉजिस्ट चित्रांचे काप खाली-वर सरकवत पाहतात: ठिपका पुढच्या कापांत सरकत लांबत गेला तर वाहिनी, दोन-चार कापांत संपला तर गाठ. शेकडो काप, आणि मागे रुग्णांची रांग.

२०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ५३,४५४ जण, सगळे पूर्वीचे किंवा तेव्हाचे अति धूम्रपान करणारे. किरणांची मात्रा कमी ठेवून केलेल्या सीटीमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू एक्स-रे गटाच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले. मात्र सीटीत संशयास्पद ठरलेल्या तपासण्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक वेळा कॅन्सर नव्हताच. इतक्या लोकांच्या जिवाला उगाच घोर लागला, म्हणून साधी गाठ कुठली आणि कॅन्सरची कुठली या वर्गीकरणाची गरज तातडीची झाली.

त्याच वर्षी एलआयडीसी हा फुप्फुसांच्या १,०१८ सीटी स्कॅनचा, डॉक्टरांनी गाठींवर खुणा केलेला संच तपशिलासह मांडला गेला. माझ्या मते या इतिहासातलं सर्वात महत्त्वाचं पान हेच. प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टनी आधी स्वतंत्रपणे पाहिला, मग इतरांच्या खुणा पाहून पुन्हा तपासला. एकमत करायची सक्ती नव्हती. किमान एकाने '३ मिमी किंवा मोठी गाठ' म्हटलेल्या जागा होत्या २,६६९. चौघांनीही तसंच म्हटलेल्या फक्त ९२८! कॅन्सरचा संशय १ (जवळपास नाहीच) ते ५ (दाट) गुणांत नोंदवला होता. बायोप्सीसारखा पक्का पुरावा फार थोड्या रुग्णांचा होता. म्हणजे संगणक शिकला तो बव्हंशी डॉक्टरांचा अंदाज. त्यातही अनेक संशोधकांनी सरासरी ३ गुणांच्या, म्हणजे धड इकडच्या ना तिकडच्या, गाठी वगळल्या. अचूकतेचे आकडे त्यामुळे देखणे झाले, पण डॉक्टरला मदत हवी असते ती नेमकी त्याच गाठींसाठी.

२०१२ नंतर चित्र ओळखणाऱ्या खोल नेटवर्कनी (डीप लर्निंगने) झेप घेतली. २०१७ मध्ये कॅगल या डेटा-विज्ञान स्पर्धांच्या संकेतस्थळावर दहा लाख डॉलर बक्षिसांची स्पर्धा याच विषयावर झाली. २०१९ मध्ये गूगलच्या चमूने वरच्या चाचणीचेच स्कॅन वापरले, आणि उत्तर ताडून पाहिलं ते रुग्णाला पुढे कॅन्सर झाला की नाही यावर. जुना स्कॅन हाताशी नसताना त्यांचं मॉडेल सहा रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरलं. जुना स्कॅन असताना दोघे बरोबरीत आले.

पण एलआयडीसी आणि त्या चाचणीचे स्कॅन, हे दोन्ही संच अमेरिकेतले. आपल्याकडे क्षयरोग बरा झाला तरी फुप्फुसात गाठी मागे ठेवून जातो आणि त्यातल्या काही थेट कॅन्सरसारख्या दिसतात. असे वण त्या संचांमध्ये पुरेसे नाहीत. इथल्या रुग्णांचे, बायोप्सीने निदान पक्कं झालेले स्कॅन ते अंतर भरू शकतील.