स्पर्शाच्या आधीचे वीस सेकंद

रुग्णालयांत हात कधी स्वच्छ केले जातात याची निरीक्षणे अनेक देशांत झाली आहेत, आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: रुग्णाला हात लावून झाल्यावर डॉक्टर आणि परिचारिका जितक्या नियमाने हात स्वच्छ करतात, तितक्या नियमाने हात लावण्याआधी करत नाहीत. यामागे बेफिकिरीच असते असे नाही. रक्त, पू किंवा लघवी हाताला लागली की किळस वाटते आणि पावले आपोआप बेसिनकडे वळतात. कोरड्या आणि वरवर स्वच्छ दिसणाऱ्या हातांबाबत मन सावध होत नाही. पण नंतरच्या धुण्याने मुख्यतः कर्मचारी स्वतः आणि त्यांचे हात पुढे जिथे लागतात तो परिसर सुरक्षित राहतो. समोर खाटेवर पडलेल्या रुग्णाचे रक्षण आधीच्या धुण्याने होते.

स्वच्छ दिसणारे हात किती फसवे असतात, हे समजण्यासाठी त्वचेकडे पाहावे लागते. त्वचेच्या खोल थरांत राहणारे जंतू तिथले कायमचे रहिवासी असतात आणि सहसा उपद्रव करत नाहीत. रुग्णालयातील संसर्ग पसरवतात ते प्रामुख्याने वरच्या थरावर तात्पुरते येऊन बसलेले जंतू. ते स्पर्शाने सहज चिकटतात, आणि सुदैवाने धुण्याने सहज जातातही. माणसाच्या अंगावरून रोज सुमारे १० लाख सूक्ष्म कोंड्याचे कण जिवंत जंतूंसह गळत असतात, त्यामुळे रुग्णाची चादर, कपडे, खाटेचा कठडा आणि शेजारचे टेबल यांवर त्याचेच जंतू पसरलेले असतात. नाडी पाहणे, रक्तदाब मोजणे किंवा रुग्णाला उचलून बसवणे अशा साध्या कामांतही परिचारिकांच्या हातांवर क्लेब्सिएला या जंतूच्या १०० ते १००० पेशी येऊ शकतात, असे आढळले आहे.

एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना काय घडू शकते, याचे सर्वांत करुण उदाहरण व्हिएन्नातील आहे. तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुणे बंधनकारक केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर पोचलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जुलैमध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास आले. हा भाग अनेकांना माहीत असतो; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील घटना मात्र क्वचितच सांगितली जाते. तोवर वॉर्डमध्ये शिरताना हात त्या द्रावणात धुतले जात, पण एका स्त्रीकडून दुसरीकडे जाताना केवळ साबण वापरला जाई. गर्भाशयाच्या कर्करोगामुळे स्राव होत असलेली एक स्त्री दाखल झाली, आणि तपासणीची फेरी तिच्या खाटेपासून सुरू होऊ लागली. तिच्यासोबत त्या सुमारास प्रसूत झालेल्या १२ स्त्रियांपैकी ११ दगावल्या. त्यानंतर सेमेलवाइस यांनी प्रत्येक रुग्णाआधी द्रावणाने हात धुण्याचा नियम केला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलेल्या हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळांपैकी दोन आधीच्या आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, आणि इंजेक्शनसारखे निर्जंतुकपणे करायचे काम करण्याआधी. उरलेल्या तीन नंतरच्या: शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. यांतील दुसरी, म्हणजे निर्जंतुक कामाआधीची वेळ सर्वांत नकळत निसटते, असे मला वाटते. सिस्टर हात स्वच्छ करून खाटेजवळ येतात, रुग्णाला आधार देऊन नीट बसवतात, कठडा खाली करतात, आणि त्याच हातांनी मनगटाजवळच्या कॅन्युलाचे, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवलेल्या नळीचे, छोटे रंगीत झाकण उघडून इंजेक्शन देतात. हातांवर नव्याने आलेले जंतू त्याच रुग्णाचे असले तरी त्वचेवर निरुपद्रवी असणारे जंतू नळीतून थेट रक्तात गेले की गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून झाकणाला हात लावण्याआधी पुन्हा एकदा हँडरब, म्हणजे पाण्याविना हातांवर चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावण, हवे.

हे वेळेत बसते का, हा प्रश्न रास्त आहे. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेला तासाला सरासरी २० वेळा हात स्वच्छ करण्याची गरज पडू शकते. साबणपाण्याने नीट धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात, म्हणजे बेसिनपर्यंतची चाल सोडूनही तासातली १३ ते २० मिनिटे केवळ हात धुण्यात जातील. अल्कोहोलयुक्त हँडरबला २० ते ३० सेकंद पुरतात, आणि बाटली खाटेलाच टांगलेली असू शकते. त्यातील अल्कोहोल ६० ते ८० टक्के असते, कारण जंतूंची प्रथिने मोडण्यासाठी पाणीही लागते; शुद्ध अल्कोहोल उलट कमी परिणामकारक ठरते. हातांवर रक्त किंवा घाण दिसत असेल, तर मात्र साबणपाणीच हवे. तीव्र जुलाब घडवणाऱ्या क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातील सुप्त रूपे, हीदेखील अल्कोहोलने मरत नाहीत, त्यांना वाहत्या पाण्याने धुऊनच काढावे लागते.

चोळताना बोटांची टोके, अंगठा आणि बोटांमधील जागा हमखास राहून जातात, आणि रुग्णाला सर्वाधिक स्पर्श होतो तो नेमका बोटांच्या टोकांचा. अंगठीखालच्या त्वचेवर जंतू अधिक आढळतात, म्हणून सेवेच्या वेळी अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवण्यास सांगितले जाते. हातमोजे घालूनही ही गरज संपत नाही. त्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात, ते काढताना हात दूषित होतात, आणि एकाच जोडीने तीन रुग्ण हाताळले तर जंतूंचा प्रवास उघड्या हातांइतकाच सुकर होतो.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या अखेरीपासून खाटेजवळ हँडरब ठेवले, भित्तिपत्रके लावली आणि कर्मचाऱ्यांना त्यांच्याच कामगिरीची निरीक्षणे नियमित कळवली. १९९७ पर्यंत हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९४ मधील १६.९ वरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर आले. कर्मचारी बदलले नव्हते, बाटलीची जागा आणि व्यवस्थापनाचे लक्ष बदलले होते. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत रुग्णाला भरवणे, कूस बदलणे, कपडे बदलणे ही कामे बरेचदा नातेवाईकच करतात, तेव्हा खाटेला टांगलेली ती बाटली त्यांच्याही हाताला यावी आणि ती कशी वापरायची हे दाखल होतानाच त्यांना करून दाखवावे.