बर्फासाठी हलकी 250 बरी? नाही हो

स्नो बाईकचा, म्हणजे बर्फावर चालेल अशी बदललेल्या मोटरसायकलचा विषय निघाला की एक सल्ला ठरलेला, बर्फात वजन नको म्हणून 250 सीसीची डर्ट बाईक (कच्च्या रस्त्यावरची हलकी मोटरसायकल) घे आणि तिला स्की-ट्रॅकचं किट लाव. ऐकायला पटतं, पण गाडी बर्फावर तरते ती किटमधल्या रबरी पट्ट्यामुळे, गाडीच्या वजनामुळे नाही. पुढचं चाक काढून स्की बसते, मागचं चाक आणि ते धरणारा दांडा (स्विंगआर्म) जाऊन तिथे दहा फुटांच्या आसपास लांबीचा रबरी ट्रॅक येतो, आणि तो लांबलचक पट्टा भुसभुशीत बर्फातून फिरवायलाच इंजिनाची अर्धी दमछाक होते. त्यात अमेरिकेतल्या डोंगराळ कोलोरॅडोसारख्या ठिकाणी 10,000 फुटांवर हवा विरळ, साध्या इंजिनाची जवळपास 30 टक्के ताकद तिथेच गेली, मग 250 चढावर रडणार नाहीतर काय! म्हणून तिकडे बहुतेक लोक 450ची फोर स्ट्रोक घेतात.

त्यातही फ्युएल इंजेक्शनवालीच बघा. कार्ब्युरेटर असला की उंची बदलली की जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची तोटी) बदला, तेही गोठलेल्या बोटांनी, कोणी सांगितलंय?

आणि हो, गाडी तापेल ही भीती उलटी आहे, मऊ बर्फात इंजिन जास्तच थंड पडतं म्हणून इंजिन पुरेसं गरम ठेवणारं थर्मोस्टॅट किट लागतं. सेल्फ स्टार्ट पाहिजेच, कमरेएवढ्या बर्फात किक मारायला पाय टेकवणार कुठे?

घेण्याआधी तुमच्या मॉडेल आणि वर्षाचं फिट किट (स्की-ट्रॅक त्या गाडीला जोडायचे भाग) मिळतंय का ते मात्र बघा, स्वस्तातली जुनी गाडी इथेच अडकते.