नवा मासा खात का नाही?

नवा मासा टाकीत सोडला की घरातले सगळे काचेसमोर गोळा होतात आणि पहिला प्रश्न येतो, याला खायला काय घालायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे: आज काहीच नाही. निरोगी मोठा मासा तीन-चार दिवस उपाशी सहज तगतो. शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला आपल्यासारखं अन्न जाळावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात मासे मरतात ते उपासानं नव्हे, पाण्यानं आणि भीतीनं.

नागपुरात ही परीक्षा दुकानातून घरी येतानाच सुरू होते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या घरात असताना सीताबर्डीहून मनीषनगरला पोचेपर्यंत पिशवीतलं लिटरभर पाणी चांगलंच तापतं. २५ अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. आणि पाणी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. म्हणून उन्हाळ्यात मासे दिवस मावळल्यावर आणावेत, पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवावी.

पिशवीत दुसरा शत्रू असतो अमोनिया. तो मासाच कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. बंद पिशवीत श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा सामू (pH) उतरतो, म्हणजे पाणी आम्ल होत जातं, आणि अशा पाण्यात बहुतेक अमोनिया अमोनियमच्या, म्हणजे बऱ्याच कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो. सामू एका अंकानं वाढला तर विषारी अमोनिया जवळजवळ दहापट होतो. शहरातल्या अर्ध्या तासाच्या प्रवासात याची फारशी चिंता नाही. पण कोलकाता किंवा चेन्नईहून खोक्यातून आलेल्या माशांसाठी उघडी पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवणं घातक ठरतं. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा आणि मासा लगेच टाकीत घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. खरेदी करतानाच दुकानदाराला विचारा, माल कधी आला? आणि तुमच्यासमोर चार दाणे टाकायला सांगा. दुकानात खाणारा मासा घरीही लवकर खातो.

टाकी भरून त्याच दिवशी मासे सोडणं मला मुळीच पटत नाही. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी क्लोरिन घातलेलं असतं; ते अँटीक्लोरीननं काढता येतं. पण अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. ते नसताना मासा खात नाही म्हणून पुन्हा पुन्हा दाणे टाकले, तर ते तळाशी कुजतात, अमोनिया वाढतो आणि माशाची उरलीसुरली भूकही जाते.

आता भीती. जाळीत पकडल्या गेलेल्या माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि भूक दबते. जाळीनं कातडी खरवडली तर आणखी एक गोष्ट घडते. मधमाश्यांच्या अभ्यासासाठी १९७३ मध्ये नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवून दिलं, की काही जातींच्या जखमी माशाच्या कातडीतून असा पदार्थ पाण्यात मिसळतो, ज्याचा वास येताच जातभाई घाबरून पळतात. त्यामुळे जमेल तिथे जाळीऐवजी पेला वापरावा.

माशाला पापण्या नसतात, आणि बहुतेक माशांची बाहुली उजेडात फारशी आकुंचन पावत नाही. त्याऐवजी दृष्टिपटलातले रंगकण आणि प्रकाशपेशी जागा बदलतात, त्याला बराच वेळ लागतो. अंधाऱ्या पिशवीतून थेट एलईडीखाली आलेला मासा कोपऱ्यात दडतो तो यामुळेच. पहिला दिवस टाकीचा दिवा बंद ठेवा. लपायला झाडं, एखादं मडक्याचं खापर असू द्या. निऑन टेट्रासारखे थव्यातले मासे निदान सहा आणा. एकटादुकटा टेट्रा दडूनच राहतो. मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका, कारण माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातली बारीकशी हालचालही टिपते.

दुसऱ्या दिवशी दोन-चार दाणे टाकून बघा. मासा दाणा तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. हे पाहून अनेक जण हिरमुसतात, मला मात्र तेव्हा हायसं वाटतं. त्याच्या ओठांवर आणि तोंडात रुचिकलिका असतात, तो चव तपासतोय. गोल्डफिशच्या टाळूला तर खास मांसल गादी असते. तिच्या मदतीनं तो तोंडातल्या तोंडात खडा आणि अन्न वेगळं करतो. दहा मिनिटांत न खाल्लेलं नळीनं ओढून काढा.

तरीही तोंड लावत नसेल तर हलणारं अन्न द्या. आर्टिमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची, नुकती जन्मलेली पिल्लं किंवा गोठवलेले ब्लडवर्म (चिलटासारख्या कीटकाच्या लाल अळ्या) बहुतेकांना आवडतात. गटारातून गोळा केलेले ट्युबिफेक्स हे बारीक लाल किडे मी सुचवणार नाही, त्यांच्याबरोबर रोग येतात. कूलरच्या टाकीतल्या डासांच्या अळ्याही मासे झडप घालून खातात. पण त्यासाठी कूलरमध्ये पाणी साचवून ठेवू नका, डेंग्यू पसरवणारा एडिस डास तिथेच वाढतो. आठवडाभरानं जिवंत अन्नात थोडे कोरडे दाणे मिसळायला सुरुवात करा आणि दाण्यांचं प्रमाण रोज वाढवत न्या.