माळ्यावर टाकलं की भंगारात दिलं?

१९९८ च्या मार्चमध्ये वाजपेयींचं सरकार आलं तेव्हा आमचे एक काका, जन्मभर संघाच्या शाखेत गेलेले, चार दिवस कुणाशी धड बोलत नव्हते. आघाडीचा राष्ट्रीय कार्यक्रम पेपरात छापून आला होता आणि त्यात राम मंदिर, कलम ३७०, समान नागरी कायदा यांपैकी एकाचंही नाव नव्हतं. "सोडलं सगळं," एवढंच ते पुटपुटायचे. शेजारचे समाजवादी सर मात्र खुशीत. त्यांच्या मते खुर्चीने भाजपला शहाणं केलं होतं. पुढे दोघेही चुकीचे ठरले, आणि एकाच कारणाने.

घरातली वस्तू दिसेनाशी होते तेव्हा ती एकतर माळ्यावर गेलेली असते, नाहीतर भंगारवाल्याच्या गाडीवर. बाहेरच्या खोलीत बसलेल्या पाहुण्याला दोन्ही सारखंच दिसतं. पक्षाने एखादा विषय बाजूला ठेवणं आणि पक्षाचं वैचारिक केंद्रच सरकणं, म्हणजे मूळ भूमिकाच बदलणं, यांत आपली अशीच गल्लत होते.

१९९८ चं प्रकरण माळ्यावरचं होतं. पदरात १८२ जागा. सरकार टिकवायचं तर जयललिता, ममता बॅनर्जी, जॉर्ज फर्नांडिस आणि बाहेरून पाठिंबा देणारे चंद्राबाबू नायडू, सगळ्यांना सांभाळायचं. त्यामुळे तीन विषय उचलून वर ठेवले. पण जून १९८९ मध्ये पालमपूरला मंदिराच्या बाजूने केलेला ठराव पक्षाने कधी मागे घेतला नाही, शाखेतून येणारा कार्यकर्ता बदलला नाही, तिकीटवाटपात वेगळ्या विचाराची माणसं पुढे आली नाहीत. २०१९ मध्ये ३०३ जागा मिळाल्या आणि ५ ऑगस्टला कलम ३७० चा निकाल लावला. मंदिराचा मार्ग त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने मोकळा केला. भूमिपूजनाची तारीख पडली २०२० ची ५ ऑगस्टच. काका तोवर राहिले नव्हते.

आता भंगारात दिलेली वस्तू. जानेवारी १९५५ मध्ये मद्रासजवळच्या आवडीला काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. पुढे १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, उद्योगांवरचे सरकारी परवाने आणि कोटे वाढत गेले. मग २४ जुलै १९९१ उजाडला. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प सगळ्यांच्या लक्षात आहे; पण त्याच दिवशी संसदेत नवं औद्योगिक धोरण मांडलं गेलं आणि थोडे उद्योग वगळता परवाना पद्धतच गेली. हे धोरण मुळातून वाचण्यासारखं आहे. नेहरूंचा परवानाराज मोडणारा हा कागद सुरू होतो तोच नेहरूंच्या गौरवाने, आणि मग सातत्य राखून बदल करत असल्याची ग्वाही देतो. सुनेने स्वयंपाकघर पाडून नवं बांधावं आणि दारावर सासूबाईंचाच फोटो लावावा, तसं. मला हा तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव यांच्या राजकारणाचा उत्तम नमुना वाटतो.

पण केंद्र खरंच सरकतंय हे घरातल्या कुरबुरीवरून कळतं. अर्थसंकल्पात खताच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या, त्यावर काँग्रेसचेच खासदार उखडले. वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली, लहान शेतकऱ्यांना वगळावं लागलं. नुसता माळ्यावर टाकलेला विषय असता तर घासाघीस मित्रपक्षांशी झाली असती, आणि हवा बदलल्यावर तो खाली आला असता. २००४ ते २०१४ काँग्रेस पुन्हा दिल्लीत होती, सुरुवातीची काही वर्षं तर डाव्यांच्या पाठिंब्यावर. रोजगार हमीचा कायदा आला, पण परवानाराज परतला नाही.

म्हणजे भाजपने १९९८ ला शब्द गाळले, आशय ठेवला. काँग्रेसने १९९१ ला शब्द ठेवले, आशय बदलला. जाहीरनामा वाचून निष्कर्ष काढणाऱ्याची दोन्हीकडे फसगत.

पक्षाच्या घटनेवरही विसंबू नका. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा लिहूनच द्यावी लागते. त्या हिशेबाने या देशात समाजवादी नाही असा नोंदणीकृत पक्षच नाही!

काही प्रकरणं मात्र दोन्ही खणांत नीट बसत नाहीत. १९८० च्या डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनात नव्या भाजपने गांधीवादी समाजवाद स्वीकारला. पक्षाच्या ज्येष्ठ नेत्या विजयाराजे शिंदे यांनी त्याला लेखी विरोध केला, मग तो मागेही घेतला. वाजपेयींना तो शब्द मनापासून हवा होता असं मला वाटतं. पण पक्षाच्या पोटात तो उतरला नाही. १९८४ ला लोकसभेत दोन जागा आल्या आणि पुढच्याच वर्षी एकात्म मानवदर्शन, म्हणजे दीनदयाळ उपाध्यायांनी जनसंघाच्या काळात मांडलेला विचार, पुन्हा पुढे आलं. इथे काही टाकलंच नव्हतं. नवीन वस्तू आणली, ती घरात शोभली नाही.

आणि शिवसेना. १९६६ ला सुरुवात मराठी माणसाच्या नोकरीपासून, रोख दाक्षिणात्यांवर. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत उघड हिंदुत्व. ते इतकं उघड होतं की पुढे कोर्टाने ती निवडणूकच रद्द ठरवली. मराठीचा मुद्दा टाकला नाही, पण केंद्र सरकलं यात शंका नाही, कारण सेनेच्या शाखेवर येणारा पोरगा कशासाठी येतो हेच बदललं. मग नोव्हेंबर २०१९: दोन्ही काँग्रेसबरोबर सरकार, आणि किमान समान कार्यक्रमात धर्मनिरपेक्षतेची ग्वाही. उद्धव ठाकरे म्हणत राहिले की हिंदुत्व सोडलेलं नाही. २०२२ च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर बाहेर पडलेले म्हणाले की सोडलंच. माळा की भंगार, हाच वाद. सत्ता फक्त अडीच वर्षं टिकली, त्यामुळे काळाची कसोटी लागलीच नाही.

हा वाद शेवटी निवडणूक आयोगापुढे गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला मिळाले. निकाल लागला तो निवडून आलेल्यांच्या मोजणीवर: ५५ पैकी ४० आमदार.